माळ गळ्यात आहे, मत कोणाला देऊ?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून :

"रामकृष्ण हरी. मी एकसष्ट वर्षांचा माळकरी, पंचवीस वर्षं आषाढीची पायी वारी करतोय, गावच्या दिंडीचा विणेकरी आहे. आमच्याकडे विधानसभेची पोटनिवडणूक लागली आहे. एक उमेदवार आपल्या विचाराचा. गोरक्षण, देवस्थानच्या जमिनी, सप्ताह, सगळ्यात पुढे असतो. पण भावाच्या नावावर परमिट रूम आहे, स्वतः खातो-पितो म्हणतात, बाहेरच्या बाईचंही बोललं जातं. दोन केसेस आहेत. एक दूधदराच्या रास्ता रोकोची, दुसरी बुडालेल्या पतसंस्थेची. तिथे तो संचालक होता. समोरचा उमेदवार निर्व्यसनी आहे, पण त्याच्या पक्षाला आमच्या श्रद्धेची किंमत नाही असं मला वाटतं. दिंडीतली मंडळी म्हणतात, पाठिंब्याचं पत्रक काढू. उमेदवार सप्ताहाच्या पंगतीचा खर्च देतो म्हणालाय. देवळात सगळ्यांनी माळेवर हात ठेवून शब्द द्यायचा असंही ठरतंय. सून म्हणते, यंत्रावर 'नोटा' दाबा, म्हणजे यापैकी कुणीच नको. त्याला मत दिलं तर माळेला बट्टा लागेल का? नाही दिलं तर धर्माशी बेइमानी होईल का?"

माउली, रामकृष्ण हरी.

तुम्ही मताबद्दल विचारलंत, पण मतदानाला अजून दिवस आहेत. शपथ, पंगत आणि पत्रक त्याआधीच अंगावर येणार, आणि जास्त धोका तिथेच आहे. म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहितो.

माळेवर हात ठेवून शब्द घेणं थांबवा. बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावायची पद्धत गावोगाव जुनी आहे, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(२) मध्ये हे नेमकं पकडलं आहे. अमक्याला मत दिलं नाही तर देवाची अवकृपा होईल असं मतदाराला वाटायला लावणं हा गैरवाजवी दबाव ठरतो. उमेदवाराच्या संमतीने तसं झाल्याचं सिद्ध झालं तर निवडून आल्यावरही निवड रद्द होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये तो गुन्हाही आहे. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवा. यंत्रासमोर उभं राहिल्यावर एखाद्या म्हाताऱ्याचं मन फिरलं तर तो दोन्हीकडून अडकतो. शब्द मोडावा तर पांडुरंगाची भीती, पाळावा तर मनाला न पटलेलं मत. इतका भार साध्या भाविकांच्या माथी मारायला दिंडी नसते. कुणी आधीच शब्द देऊन बसला असेल तर त्याला सांगा की मत गुप्त आहे आणि जबरदस्तीने घेतलेल्या शब्दाला देव बांधील धरत नाही. विणेकऱ्याच्या तोंडून आलं तर लोक ऐकतील.

पंगतीचं तितकंच सरळ आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर मतासाठी उमेदवाराने केलेला असा खर्च लाचेत मोडतो, आणि घेणाराही दोषी धरला जातो. पावती फाडली म्हणून ते देणगी होत नाही. सप्ताह याच तारखांत असेल तर गावाकडून शिधा गोळा करा. पंगती एक-दोन कमी झाल्या तरी चालतील. सप्ताहाच्या व्यासपीठावर उमेदवाराचा सत्कारही नको. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा १९८८ प्रमाणे देऊळ, उत्सव, मिरवणूक यांचा राजकारणासाठी वापर होऊ देणाऱ्या व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे 'व्यवस्थापक' म्हणजे फक्त ट्रस्टी नव्हेत, संस्थेचा कारभार पाहणारे पुजारी-सेवेकरीही त्यात येतात.

पत्रकाचं म्हणाल तर, धर्माच्या नावाने मत मागण्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक डॉ. रमेश प्रभू जिंकले. प्रचारात धर्माच्या आधारे मतं मागितली म्हणून उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्याच प्रकरणात बाळासाहेब ठाकरे यांचा मताचा अधिकार सहा वर्षांसाठी गेला. पुढे २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा नियम आणखी रुंद केला. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माचा हवाला देऊन मत मागणंही त्यात आलं. 'वारकऱ्यांनो, धर्मासाठी अमक्यालाच मत द्या' असं दिंडीच्या नावाने छापलेलं पत्रक त्या रेषेच्या फार जवळ जातं. एक माणूस म्हणून तुम्ही कुणालाही मत द्या, चारचौघांत सांगाही. दिंडी मात्र तुमच्या एकट्याची नाही. तिच्यात दुसऱ्या उमेदवाराला मत देणारे टाळकरीही चालतात, आणि पुढच्या आषाढीला त्यांच्याच खांद्याला खांदा लावून चालायचं आहे.

आता मत. माळ घालताना तुम्ही जे नेम घेतलेत ते तुमच्या आचरणाचे आहेत. दारू-मांस वर्ज्य, एकादशी, वारी, खोटं नाही, परनिंदा नाही. उमेदवार काय खातो याने तुमचा नेम मोडत नाही. मोडू शकतो तो दोन ठिकाणी. त्याला मत द्यायचं म्हणून त्याच्या चुका नाहीतच असं तुम्ही लोकांना सांगायला लागलात तर, किंवा मत द्यायचं नाही म्हणून ऐकीव गोष्टी पारावर पसरवल्यात तर. बाहेरच्या बाईचं जे बोललं जातं ते दुसऱ्या प्रकारात येतं. कुठल्या बाईची तक्रार नोंद असेल, फसवणूक किंवा छळ असेल, तर तो खासगी विषय राहत नाही आणि तो केसेसच्या तक्त्यात दिसेल. तसं काही नसेल तर तो विषय तुम्ही सोडून द्या. त्यात त्या बाईचीही अब्रू जाते, आणि ती निवडणुकीला उभी नाही.

धर्माशी बेइमानी होईल का, याचं उत्तर द्यायचं तर आमदार दोन ठिकाणी काय करतो ते वेगळं पाहावं लागेल. सभागृहात तो पक्षाच्या व्हिपप्रमाणे, म्हणजे आदेशाप्रमाणे, मत देतो. व्हिप मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे आमदारकी जाऊ शकते. म्हणजे कायद्याच्या बाबतीत माणूस चांगला की वाईट याने फारसा फरक पडत नाही, तिथे पक्ष पाहायचा. तालुक्यात मात्र उलट आहे. पोलीस ठाण्यात कुणाची तक्रार घेतली जाते, वाळूचा डंपर कुणाच्या फोनने सुटतो, तलाठ्याची बदली का होते, वर्षाच्या पाच कोटींच्या आमदार निधीतलं काम कुणाला मिळतं, हे पक्ष ठरवत नाही. हे तो माणूस ठरवतो.

आणि तुमच्याकडे पोटनिवडणूक आहे. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. तुमच्या एका जागेने सरकार येणार-जाणार नसेल, तर 'आपला पक्ष पडला तर धर्माचं काय' या भीतीचं वजन या वेळी कमी धरा आणि माणसाचं वजन जास्त धरा. सार्वत्रिक निवडणूक असती तर पारडं दुसरीकडे झुकलं असतं.

तुमच्या मनात गाय आणि देवस्थानच्या जमिनी आहेत, त्यांनाही हेच लावून पाहा. गाईच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे, बैल-वळूंसाठी ती २०१५ मध्ये आली. कायदा आधीच आहे, तो आणण्याचं श्रेय आता कुणाला घेता येणार नाही. प्रश्न अंमलाचा. पकडलेली जनावरं कुठे ठेवतात, त्यांच्या वैरणीचं कोण बघतं, तालुक्यातल्या गोशाळेला देशी गाईमागे रोजचे पन्नास रुपये अनुदान मिळतं का. उमेदवाराने यातलं काय केलंय ते विचारा. फलकावर गाईचा फोटो कुणीही छापतं.

जमिनीचं तर घरबसल्या तपासता येतं. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र देतो. त्यात त्याच्या, बायकोच्या, एकत्र कुटुंबाच्या आणि अवलंबितांच्या शेतजमिनीचे गट नंबर आणि क्षेत्र लिहावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर लावलेलं असतं. गावच्या, शेजारच्या गावच्या देवस्थान इनामाचे गट नंबर घ्या, समोरासमोर ठेवा. मग त्या गटांचे सातबारे महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर काढा. कब्जेदाराच्या जागी देवाचंच नाव आहे ना, इतर हक्कात कुणाची कुळं-वहिवाट घुसली आहे का, फेरफार नंबर कोणता, ते पाहा. देवस्थानची जमीन वाचवू म्हणणाऱ्याचं नाव त्या उताऱ्यात निघालं तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

शपथपत्रातला केसेसचा तक्ता नीट वाचा. गुन्हा क्रमांक, ठाणं, न्यायालय, कलमं, आरोप निश्चित झाले का आणि कधी, सगळं तिथे असतं. रास्ता रोकोला साधारण जुन्या भारतीय दंड संहितेची १४३, ३४१, १८८ आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५ लागतं. दूधदरासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसावर ही असणारच, ती त्याच्या विरोधात धरू नका. ३५३ दिसलं तर थांबा. सरकारी नोकरावर हल्ला हे कलम आंदोलनातही लागतं आणि वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या तलाठ्याला मारलं तरी लागतं, म्हणून तारीख आणि प्रसंग पाहावा. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत न्याय संहितेचे नंबर दिसतील, ३५३ च्या जागी १३२, फसवणुकीच्या ४२० च्या जागी ३१८(४). केस पुढे कुठे गेली ते ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. गुन्हेगारी प्रकरणं असलेल्या उमेदवाराने ती वर्तमानपत्रात तीनदा जाहीर करायची असतात, आणि याच माणसाला उमेदवारी का दिली हे पक्षाने उमेदवार निवडल्यावर ४८ तासांत छापायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण चालत नाही. ती जाहिरात सहसा आतल्या पानावर, बारीक टायपात असते. पेपर जपून ठेवा.

पतसंस्थेच्या केसवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घाला. दारू पिणारा आमदार स्वतःचं लिव्हर खराब करतो. पतसंस्था बुडवणारा ज्यांचं घर बुडवतो त्यात पोरीच्या लग्नाचे पैसे ठेवलेली विधवा असते, निवृत्त शिक्षक असतो, ऊसतोडीची उचल साठवणारा मजूर असतो. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. गेलेला पैसा कर्जवसुलीतून किंवा संचालकांच्या मालमत्तेतूनच परत यायचा.

तरीही 'संचालक होता' एवढ्यावर निकाल देऊ नका. पतसंस्थेच्या मंडळात सही करून चहा पिऊन जाणारे बरेच असतात, लुटणारे दोन-तीन. फरक कागदात दिसतो. सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात त्या संस्थेची सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी झाली आहे का आणि कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित झाली आहे का, ते विचारा. ८८ च्या आदेशात बहुधा प्रत्येक संचालकाच्या नावापुढे रक्कम असते. त्याच्या नावापुढे किती आहे, आणि बुडीत कर्जं कुणाची, हे दोन आकडे तुम्हाला हवेत. कर्जदारांत त्याचा मेहुणा, भाऊ, भावाची परमिट रूम निघाली तर तो बेफिकीर संचालक नव्हता. पोलिसांत ठेवीदार हितसंरक्षण कायदा १९९९ चं कलम ३ लागलं आहे का, मालमत्ता जप्त आहे का, हे शपथपत्रात आणि कोर्टाच्या नोंदीत मिळेल. माहिती अधिकारात अर्ज टाकू नका, तीस दिवसांची मुदत मतदानानंतर संपेल. एखाद्या ठेवीदाराला बरोबर घेऊन जा. त्याच्याकडे सहसा आदेशाची झेरॉक्स असतेच.

परमिट रूमबद्दल. सज्ञान, स्वतंत्र कमावत्या भावाची मालमत्ता शपथपत्रात येत नाही, त्यामुळे तिथे शोधून काही मिळणार नाही. परवाना कायदेशीर असेल तर तो धंदा तुम्हाला पटत नाही एवढंच आहे, आणि ते न पटणं तुमच्या नेमाला धरूनच आहे. त्याला लावायची कसोटी वेगळी. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की सह्या पडताळून दारूबंदीचं गुप्त मतदान घेता येतं, उभी बाटली (दारू चालू) की आडवी (बंद). एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी म्हणावं लागतं. ही मोहीम फसते ती सह्यांच्या पडताळणीला. त्या दिवशी बायका कामावर असतात, सह्या जुळत नाहीत, कुणी दमदाटी करतं. तुमच्या तालुक्यात अशी मोहीम कधी झाली असेल तर हा माणूस तेव्हा कुठे होता ते त्या बायकांना विचारा. त्यांचं उत्तर मी सगळ्यात वर धरीन.

एकदा त्याला भेटाही. सभेत प्रश्न विचाराल तर घोषणा मिळेल, म्हणून सकाळी लवकर घरी जा. दोघं-तिघंच, आणि त्याचा कार्यकर्ता असलेला सरपंच बरोबर नको. शाल-श्रीफळ घेऊ नका, फोटो काढू देऊ नका, नाहीतर तुम्ही घरी पोचायच्या आत तो फोटो 'वारकऱ्यांचा पाठिंबा' म्हणून फिरलेला असेल. प्रश्न लिहून न्या आणि तीनच न्या. ठेवीदारांचे पैसे कोणत्या मार्गाने आणि कधी परत मिळणार? गावाने बाटली आडवी करायची ठरवली तर तुमच्याकडून कुणाला फोन जाईल का? देवस्थानच्या ज्या गटावर वहिवाटीचा वाद आहे त्याचं तुम्ही आजवर काय केलं? 'ते विरोधकांचं षड्‌यंत्र आहे' असं उत्तर आलं तर त्या पानावर तसंच लिहा. हेच पान घेऊन समोरच्या उमेदवाराकडेही जा. त्याच्या पक्षाला श्रद्धेची किंमत नाही हे तुम्हाला वाटतं, पण त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. त्याचंही शपथपत्र वाचा. निर्व्यसनी आहे म्हणून त्याचे गट नंबर पाहायचे नाहीत असं नको.

सुनेचं म्हणणं उडवून लावू नका, पण तिला नोटाचा हिशेब सांगा. हा पर्याय २०१३ पासून आहे. विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उरलेल्यांत पहिला असतो तोच निवडून येतो. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटाला २७,५०० मतं पडून तो दुसरा आला, निकालावर काही परिणाम झाला नाही. अनामत रकमेच्या हिशेबातही नोटाची मतं धरत नाहीत. म्हणजे दोघंही सारखेच नकोत असं कागद पाहून ठरलं तर नोटा ही प्रामाणिक नोंद आहे. एक जरा बरा आणि एक वाईट असेल तर नोटाने त्या बऱ्याचं एक मत कमी होतं. गेल्या वेळी आपल्या बूथवर किती मतांचा फरक होता ते निवडणूक आयोगाच्या नमुना २० या निकालपत्रात बूथवार छापलेलं असतं, ते दोघांनी मिळून पाहा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. ८८ च्या आदेशात त्याच्या नावापुढे मोठी रक्कम असेल आणि कर्जं घरच्यांना गेली असतील, तर मी त्याला मत देणार नाही, तो गोरक्षणात कितीही पुढे असला तरी. ज्याने एकदा विश्वासाने ठेवलेला पैसा घरात वळवला त्याच्या हातात तालुक्याच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, आणि या पोटनिवडणुकीत त्याची फारशी किंमतही मोजावी लागत नाही. पण नाव फक्त सह्यांपुरतं असेल, त्याने वसुलीला मदत केली असेल, तर खाणं-पिणं आणि भावाची परमिट रूम असूनही त्याला मत द्यायला हरकत नाही. तेव्हा लोकांना सांगाल तेही तसंच सांगा. हे दोष मला माहीत आहेत, या कामासाठी मत देतोय. माळेला बट्टा लागणार नाही.

सहायक निबंधकांच्या कार्यालयात सोमवारी कामकाज सुरू होताच जा. निवडणुकीच्या कामाला कर्मचारी गेलेले असतात, दुपारनंतर कुणी भेटत नाही. जाताना पतसंस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून न्या. ठेवीच्या कुठल्याही जुन्या पावतीवर तो डोक्याशीच छापलेला असतो.